मावेल तेवढा मैदा

एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि मावेल तेवढा मैदा. आमच्या घरी शंकरपाळ्यांचं माप माझ्या आजीपासून हेच आहे. गेल्या दिवाळीत आठ वर्षांच्या नातीला ते सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, "आबा, मावेल तेवढा म्हणजे किती?" मी म्हटलं, "ते हाताला विचार."

दूध, साखर, तूप एकत्र गरम करून साखर विरघळल्यावर मी पातेलं उतरवलं आणि मिश्रण कोमट होऊ दिलं. मग तिनं मूठमूठ मैदा घालायला सुरुवात केली. आधी सगळं बोटांना चिकटत होतं. ती कावली, हात झटकले, पुन्हा बसली. चौथी वाटी संपत आली तेव्हा गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला. तिनं तो दाबून पाहिला आणि मला न विचारता म्हणाली, "बास. आता नको." माझ्या लेखी गेल्या दिवाळीतला सगळ्यात मोठा क्षण तोच. आठ वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या हातावर भरवसा ठेवून एक निर्णय घेतला होता आणि तो बरोबर होता.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. मुलांच्या हाताला असं ठरवण्याचं काम आपण देतच नाही. सगळं मोजून, कापून, पाकिटात भरून त्यांच्यापुढे ठेवतो आणि वर म्हणतो, मुलांचं कशात मन रमत नाही.

माझा सगळा जन्म पुण्यात पुस्तकबांधणीत गेला. फॉर्म शिवायचे, पुठ्ठा कापायचा, खळ लावायची. आमच्या कामाची खळ मैद्याचीच. तिला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचो. घरात मुलांसाठी खळ करताना मोरचुदाचं नाव काढायचं नाही, ते विष आहे. वाटीभर मैदा थंड पाण्यात गुठळी राहू न देता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की खळ झाली. दोन दिवसांत संपवावी, नाहीतर आंबते. शंकरपाळ्यांचा मैदा उरला होता, त्याचीच खळ केली. पाच वर्षांच्या नातवाला नवल वाटलं, की जे खातो त्यानंच कागद चिकटतो.

त्या खळीवर आम्ही आकाशकंदील केला. बुरूड आळीतून कामट्या आणल्या, रविवार पेठेतून पतंगाचा कागद. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या तासून मी दिल्या. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन नातीनं दोऱ्यानं बांधले. मग एक चौकोन वर, एक खाली, चार मधे टोकावर उभे, आणि सगळे कोपऱ्याला कोपरा बांधून जोडले. शेवटची गाठ मारून तिनं सांगाडा फिरवून पाहिला आणि गप्प झाली. मग बोट लावून मोजू लागली. "आबा, आपण तर चौकोनच केले. हे आठ त्रिकोण कुठून आले?"

या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. तिनं संध्याकाळभर सांगाडा मांडीवर घेऊन ते शोधलं: तीन चौकोनांची तीन टोकं जिथे एकमेकांना भेटतात, तिथे मधली जागा त्रिकोणी उरते. पुढे आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. नुसता सांगाडा हातात धरला की डुलतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवून बाकीच्या बारा जागी कागद ताणून चिकटवला आणि खळ वाळली, तेव्हा तोच सांगाडा ताठ झाला. एवढ्याशा कागदानं बांबूला धरून ठेवलं. भूमितीचा हा धडा तिच्या पुस्तकात कधी यायचा तेव्हा येवो, हाताला तो पाठ झाला आहे.

हे काही माझं नवं शहाणपण नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्या आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर पानं, बिया, शंख-शिंपले, दगड यांतूनच आदिवासी मुलांसाठी शिक्षणाची साधनं उभी केली. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून मुलांना आकार जोडायला शिकवलं. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, हे मूल स्वतः करून पाहतं. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकावं असं म्हटलं आहे. चांगलंच आहे. पण सहावीपर्यंत थांबायचं कशाला? पाच वर्षांच्या मुलाला कणकेचा गोळा द्यायला कोणतं धोरण लागतं?

गेल्या वर्षी आमच्या नातीच्या शाळेनं दिवाळीआधी घरून कंदील करून आणायला सांगितलं होतं. तिनं स्वतः केलेला, एका बाजूला जरा कललेला कंदील नेला. वर्गात बरेच कंदील दुकानातल्या तयार साहित्याचे आणि आईवडिलांच्या हातचे होते. शेरा मिळाला, "नीटनेटकेपणा कमी." ती घरी येऊन रडली. मला राग आला, आजही आहे. मुलाच्या हाताला मोठ्यांच्या हाताचं माप लावलं की मूल एकच गोष्ट शिकतं: आपण करू नये, करून घ्यावं. शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. हातकाम घरी पाठवू नका. वर्गात करून घ्या, सगळ्यांना सारखा कागद द्या आणि त्याला गुण देऊ नका.

घरी वेळ कुठे आहे, असं आईबाप म्हणतात. त्यांचं खोटं नाही. माझी सून सकाळी आठला बाहेर पडते. म्हणूनच हे काम तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं म्हणून येता कामा नये. बाबांनी, आजोबांनी ओट्याशी उभं राहावं. आमच्याकडे मैदा चाळायला मुलगा होता, तळायला मी. मुलांनी पोळी लाटली, कातण्यानं कापली. कढईजवळ मात्र मी त्यांना येऊ दिलं नाही. शंकरपाळ्यांना एक रविवार सकाळ लागली आणि कंदिलाला दोन संध्याकाळी. खर्चाचं म्हणाल तर कागद, दोरा आणि कामट्या. फरशीवर मैदा सांडला, तो नातवानंच ओल्या फडक्यानं पुसला. तेही कामच.

आणि एक पथ्य पाळा. मुलांनी केलेली वस्तू वापरा. नातवाच्या शंकरपाळ्यांत एकही चौकोनी नव्हती. काही अंगठ्याएवढ्या, काही तळहाताएवढ्या. पाहुण्यांसाठी म्हणून त्या वेगळ्या काढून ठेवायचा मोह होतो. आम्ही त्याच ताटलीत वाढल्या. भाऊबिजेला आलेल्या माझ्या बहिणीनं सगळ्यात वाकडी उचलली आणि विचारलं, "ही कुणी केली?" नातवानं हात वर केला. तो हात मला आजही दिसतो. कौतुकाचे शंभर शब्द एका बाजूला आणि आपण केलेलं कुणीतरी चवीनं खाल्लं हे एका बाजूला.

शाळेतून परत आलेला तो कललेला कंदील आम्ही गॅलरीत, रस्त्यावरून दिसेल असा लावला. आत छोटा एलईडी दिवा सोडला. तुळशीच्या लग्नानंतर कागद सोडवून सांगाडा माळ्यावर ठेवला. परवा तो खाली काढला. दोन गाठी सैल झाल्या आहेत. मी हात लावलेला नाही. त्या तिच्या आहेत, तीच बांधेल. या वर्षी खळही तीच करणार आहे. पाणी किती घालायचं म्हणून नातवानं विचारलं, तर त्याला म्हणाली, "मावेल तेवढं. थांब, मी दाखवते."