ड्रोनचा भाव एकरावर ठरवू नका

सोसायटीचा पुनर्विकास असो, भरावाचा हिशेब असो की गावठाणातल्या घरांची नोंद, नवी मुंबईत आता ड्रोनवाल्याला बोलावलं जातं. कमिटीपुढे दोन कोटेशनं येतात. एक दुसऱ्याच्या तिप्पट, आणि दोन्हींत ओळ एकच: एकरी इतके रुपये. आपण स्वस्तातल्यावर सही करून मोकळे होतो. मंडळी, ती सही जरा थांबवा.

नकाशा कशासाठी हवा, हे आधी कागदावर लिहा. खर्च तिथूनच ठरतो. 20 मेगापिक्सेलचा, 1 इंची सेन्सरचा कॅमेरा 120 मीटर उंचीवर असला, तर फोटोतला एक ठिपका जमिनीवर साधारण 3.3 सेंटिमीटरचा असतो. ड्रोन 60 मीटरवर आणला की हा ठिपका निम्मा होतो. नकाशा जोडायचा तर फोटो एकमेकांवर चढलेले लागतात. पुढच्या दिशेने 80 टक्के आणि बाजूने 70 टक्के चढवले, तर 100 हेक्टरला वरून सुमारे 770 फोटो पुरतात. खालून 3,100च्या आसपास लागतात. उड्डाणाचं अंतर दुप्पट, फोटो चौपट, आणि संगणकावरचं काम त्याच मापाने वाढलेलं. इमारती, रस्ते, पार्किंग एवढंच पाहायचं असेल तर वरून काढलेले फोटो चालतात. गच्चीवरची भेग शोधायची असेल तर खाली यावं लागतं. जास्त बारकावा मागितला की पैसे जातात, कमी मागितला की नकाशा वाया जातो.

भरावात गोष्ट वेगळी. तिथे फोटो किती स्पष्ट यापेक्षा उंची किती खरी हे महत्त्वाचं. जमिनीवर डीजीपीएसने मोजलेले कंट्रोल पॉइंट नसतील, तर सगळी उंची एकसारखी सरकू शकते. एक हेक्टर भरावात ती फक्त 5 सेंटिमीटर सरकली, तरी 500 घनमीटरचा, म्हणजे जवळजवळ 177 ब्रासचा फरक पडतो. ब्रासचा आजचा दर तुम्हाला माहीत आहे. गुणाकार करा आणि स्वस्त कोटेशनात कंट्रोल पॉइंट धरले आहेत का, ते पाहा.

आता आपल्या गावची अडचण. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं उडू लागली. 2021च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. उलवे, पनवेल, बेलापूर या घेऱ्यात येतात. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी 200 फुटांपर्यंतच उडता येतं. 200 फूट म्हणजे साधारण 60 मीटर. म्हणजे या पट्ट्यात परवानगी न काढता उडवायचं तर वरची चौपट फोटोंची गोष्ट तुमच्या कामाला आपोआप लागू होते, गरज असो वा नसो. आपली जागा कुठल्या पट्ट्यात येते ते सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर आधी बघून घ्या.

पाऊसही खर्चात धरा. जून ते सप्टेंबर उड्डाणाचे दिवस हाती लागतीलच असं नाही, आणि पावसानंतर वाढलेलं गवत जमीन झाकतं. खाडीकाठी खारफुटी असेल तर फोटोत झाडांचे शेंडे दिसतात, खालची माती नाही. सिडकोने बांधलेल्या धारण तलावांतला पाण्याखालचा गाळ या फोटोंतून मोजता येत नाही. तसं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला विचारा, कसा?

एक मार्ग मात्र खरोखर पैसे वाचवतो. गाडी, माणसं, डीजीपीएस, परवानगी हा खर्च 2 एकरांना आणि 20 एकरांना जवळपास सारखाच पडतो. म्हणून एकट्याने ड्रोन मागवू नका. शेजारच्या तीन-चार सोसायट्यांना सोबत घ्या, एकाच दिवसात काम करून घ्या, खर्च वाटून घ्या.

आणि हेही लक्षात असू द्या: हा नकाशा म्हणजे सरकारी मोजणी नव्हे. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची पायरी चढावीच लागते.

तेव्हा ड्रोनवाल्याला एकरी दर विचारू नका. पाच ओळी वेगवेगळ्या मागा: परवानगी, कंट्रोल पॉइंट, उड्डाण, संगणकावरचं काम आणि तपासणी. तपासणीसाठी जमिनीवर मोजलेले काही बिंदू जोडणीत न वापरता बाजूला ठेवायला सांगा. नकाशा त्यांच्याशी किती जुळला, ते लेखी घ्या. पावसामुळे किंवा परवानगीमुळे फेरी वाया गेली तर भुर्दंड कोणाचा, तेही त्यातच लिहून घ्या. सही करायची ती या पाच ओळींखाली.