तण मरते, पण पंप कुणाच्या पाठीवर?

पावसाळा सरता सरता पाचोडवरून जाणाऱ्या धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला एक गोष्ट नजरेत भरते. सगळीकडे हिरवे असताना मध्येच जळाल्यासारखा पिवळा पट्टा दिसतो. विजेच्या खांबाभोवती, कंपाउंडच्या कडेला, नालीच्या काठाला. कुणी विळा लावलेला नाही, कुणी आग लावलेली नाही. तणनाशक मारलेले असते.

असाच पट्टा तयार करणाऱ्या एका भावाशी आम्ही थांबून बोललो. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पायात चप्पल. विचारले, "दादा, काय मारताय?" तो म्हणाला, "गवताचं औषध. दोन-तीन मिसळून असतं." कोणकोणती, असे विचारल्यावर उत्तर आले, "डबे ठेकेदाराकडं असतात. आमच्या हातात बादली येते."

हा लेख त्या बादलीबद्दल आहे.

शेतकरी तणनाशक मारतो तेव्हा पीक जगवायचे असते, म्हणून तो जपून मारतो. रस्ता, रेल्वेरूळ, वीज उपकेंद्र, कारखान्याचे आवार इथे जगवायचे काहीच नसते. सगळेच मारायचे असते आणि पुन्हा उगवूही द्यायचे नसते. एका औषधाने हे काम होत नाही, म्हणून मिश्रण. ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत जाते, पण मातीत पडल्यावर नव्या बियांना अडवत नाही. डाययुरॉन मातीत टिकून राहते आणि उगवणारे रोप मारते. 2,4-डी रुंद पानाच्या तणावर चालते. पॅराक्वाट हिरवा भाग लागलीच जाळून टाकते. प्रत्येकाचे काम वेगळे, तसा प्रत्येकाचा धोकाही वेगळा. पॅराक्वाट पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. डॉक्टरला आधी कळावे लागते की अंगात काय गेले आहे. ज्याच्या हातात फक्त बादली आली, तो डॉक्टरला काय सांगणार?

मिश्रणाचा इतिहासही डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. व्हिएतनामच्या जंगलांवर अमेरिकेने फवारलेले 'एजंट ऑरेंज' हे 2,4-डी आणि 2,4,5-टी या दोन तणनाशकांचे मिश्रण होते. त्यातल्या 2,4,5-टीमध्ये डायॉक्सिन हे अत्यंत घातक विष मिसळलेले निघाले. हेच 2,4,5-टी अमेरिकेत वीजवाहिन्यांखालची झुडपे मारायलाही वापरले जाई. ते तिथे थांबवायला 1979 साल उजाडले. 2,4-डी आजही बाजारात आहे. ते म्हणजे एजंट ऑरेंज नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. पण "सरकारमान्य आहे, काही होत नाही" हे वाक्य त्या काळीही ऐकवले जात होते, एवढे लक्षात ठेवावे.

आपल्या जवळचे उदाहरण यवतमाळचे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यात गेले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. पण पद्धत हीच होती. अनेक औषधे एकत्र करायची, अंगावर संरक्षण नाही, आणि नंतर दोष फवारणाऱ्याच्या "निष्काळजीपणा"ला द्यायचा. यवतमाळची निदान बातमी झाली, कारण माणसे एकाच हंगामात मेली. रस्त्याकडेला फवारणाऱ्याचा दमा, त्याच्या अंगावरचे चट्टे, त्याचे डोळे यांची बातमी होत नाही.

आता कुणी म्हणेल, ग्लायफोसेटने कर्करोग होतो हे सिद्ध कुठे झाले? वाद आहे, मान्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला "बहुधा कर्करोगकारक" या वर्गात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते मान्य केले नाही. कॅलिफोर्नियात शाळांच्या मैदानांवर हे औषध फवारणारा ड्वेन जॉन्सन हा कृष्णवर्णीय कामगार कर्करोगाने आजारी पडला आणि 2018 मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. कंपनी अपिलात गेली, भरपाईची रक्कम कमी झाली, पण कंपनीची जबाबदारी कायम राहिली. आमचा मुद्दा मात्र या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. हातमोजे घाला, तोंड-डोळे झाका, वाऱ्यात फवारू नका, हे डब्यावर छापलेलेच असते. ते पाळायला कोणत्या संशोधनाची वाट बघायची?

आपल्याकडे कायदाही आहे. कीटकनाशक कायदा 1968 चा, त्याखालचे नियम 1971 चे. कायद्याच्या भाषेत तणनाशकही कीटकनाशकच. फवारणी करणाऱ्याची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनासाठी साधन, प्रथमोपचार, प्रशिक्षण हे सगळे त्यात लिहिलेले आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांनीच वापरावे, कारण माणसांना आणि जनावरांना धोका आहे. म्हणजे धोका सरकारने स्वतः लिहून मान्य केला. मग रोजंदारीवर आणलेल्या माणसाच्या पाठीवर पंप चढतो तेव्हा तो परवाना कुणाच्या खिशात असतो?

आणि फवारणारा माणूस कोण असतो, हे विचारल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. गावात ज्याला रान नाही, तोच. भूमिहीन, बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला. पूर्वी गावाची घाण उचलायचे काम जन्माने वाट्याला येत होते, आता विषाचे काम ठेक्याने येते. निविदेत जातीचे नाव नसते, पण पंप बरोबर त्याच पाठीवर जातो.

नुकसानही त्याच घरात जाते. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्याची शेळी कुठे चरते? रस्त्याच्या कडेला. आया-बहिणी तांदुळजा, घोळ, पाथरी कुठून खुडून आणतात? तिथूनच. पट्टा पिवळा पडायला काही दिवस लागतात. तोवर गवत हिरवेच दिसते आणि कुठेही फलक नसतो. बागायतदारांनीही हा आपला प्रश्न नाही असे समजू नये. 2,4-डी वाऱ्याने उडून कपाशीवर गेले तर पाने आकसतात, बोटांसारखी चिरतात. कपाशी या औषधाला फार नाजूक आहे, आणि महामार्गाला लागून कपाशीच उभी असते.

आम्ही गवताची पूजा करत नाही. उपकेंद्रात वाळले गवत पेटते, तारांवर वेल चढली की लाइन जाते, वळणावर झाडी वाढली की अपघात होतो. साफसफाई झालीच पाहिजे. आणि माणसाने पुन्हा दिवसभर खुरपे घेऊन वाकावे, असेही आम्ही म्हणत नाही. बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. व्हाइसरॉयच्या मंडळात 1942 ते 1946 मजूर खाते सांभाळताना देशाच्या वीज नियोजनाचा पाया त्यांनी घातला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण गरिबाची सुटका उद्योगातून होणार, ही त्यांची भूमिका होती. त्याच विजेच्या तारांखाली आज गरिबाचा श्वास जात असेल, तर गणित कुठेतरी उलटे झाले आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जिथे गवत कापण्याचे यंत्र चालते तिथे यंत्र द्या, चालवणाऱ्याला पूर्ण मजुरी द्या. फ्रान्सने 2017 पासून सार्वजनिक बागा आणि रस्त्यांवर सरकारी यंत्रणांना रासायनिक फवारणी बंद केली, जर्मन रेल्वेने ग्लायफोसेट सोडले. तिथेही गवत उगवतेच. जिथे औषधाशिवाय इलाजच नाही, तिथे मूळ डबा कामगाराच्या डोळ्यांसमोर उघडा, मराठीतले माहितीपत्रक त्याला वाचून दाखवा, लेबलवर नसलेले मिश्रण करू नका, साहित्य द्या, तपासणी करा आणि आदल्या दिवशी वस्तीत दवंडी द्या.

ठेकेदाराला विचारून उपयोग नाही, काम देणाऱ्या कार्यालयाला विचारा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तीनच प्रश्न लिहा: कोणती औषधे, किती प्रमाणात, आणि फवारणाऱ्याला काय साहित्य दिले? बादलीत काय होते, याचे उत्तर कागदावर मागू या.