आकाशातील मोत्यांची सर

दिवेलागण झाल्यावर पुष्कळ ठिपके एका रेषेत, एकामागोमाग एक, मुकाट्याने आकाशातून सरकत गेले, की पाहणारे नाना तर्क लढवितात. कोणी त्यास उल्का म्हणतो, कोणी अपशकुन! वाचकहो, ते असतात नुकतेच सोडलेले कृत्रिम उपग्रह.

मे २०१९ मध्ये अमेरिकेतील केप कॅनव्हरल येथून ‘स्टारलिंक’चे ६० उपग्रह एकाच अग्निबाणाने सोडण्यात आले. हॉलंडातील लायडन शहरी मार्को लांगब्रूक नावाचे हौशी आकाशनिरीक्षक राहतात. (मूळ शिक्षण पुरातत्त्वाचे, जमिनीखालचे शोधणाऱ्याने वर पाहावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.) त्यांनी उपग्रहांच्या मार्गाचा अंदाज स्वतः गणित करून बांधला, कॅमेरा त्या दिशेस रोखून ठेवला, आणि उड्डाणास २४ तास होण्यापूर्वीच ती अख्खी रांग चित्रफितीवर टिपली. ती फीत जगभर गाजली.

उपग्रहास स्वतःचा प्रकाश नसतो. आपल्या अंगणात काळोख पडला तरी शेकडो किलोमीटर उंचीवर ऊन असतेच; ते त्याच्यावरून परावर्तित होऊन आपणांस दिसते. म्हणून ही शोभा सायंकाळी व पहाटे. चालता चालता एखादा ठिपका मध्येच विझतो, तो पृथ्वीच्या छायेत शिरल्यामुळे. त्या ६० उपग्रहांस प्रथम ४४० किलोमीटर उंचीवर सोडले होते. पुढे त्यांनी ५५० किलोमीटरची कक्षा गाठावयाची होती. जसजसे ते वर चढतात, तसतसे विखुरतात व मंदावतात. तेव्हा माळ पाहावयाची, ती पहिल्या काही दिवसांतच.

छायाचित्र घेणाऱ्याने कॅमेरा तिपाईवर पक्का बसवावा. एकट्या उपग्रहासाठी झडप दहा-पंधरा सेकंद उघडी ठेवल्यास सुरेख रेघ उमटते. माळेस मात्र ही युक्ती चालत नाही. सर्व मणी एकाच वाटेने जातात, त्यामुळे त्यांची मिळून एकच रेघ होते! तेथे झडप क्षणभरच उघडावी किंवा चित्रफीत घ्यावी.

हीच रेघ वेधशाळांची डोकेदुखी आहे. दूरच्या अंधुक ताऱ्यांसाठी खगोलशास्त्रज्ञ कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवतात, आणि मधूनच एखादा उपग्रह चित्रावर ओरखडा ओढून जातो. आता असे उपग्रह हजारोंनी झाले आहेत. तक्रारी वाढल्यावर जानेवारी २०२० मध्ये काळसर लेप दिलेला एक उपग्रह सोडून पाहिला. तो काहीसा मंद झाला. मोठ्या दुर्बिणींच्या नजरेतून मात्र सुटला नाही.