पावसाच्या घंटेवर भरणारी शाळा

ओळखा पाहू, मुलांनो! एक शाळा आहे. तिला भिंती नाहीत, बाक नाहीत, गणवेश नाही. विद्यार्थ्यांत कुणाच्या मिशा पिकलेल्या, कुणाच्या डोक्यावर टोपी, तर कुणाच्या डोक्यावर पदर. वर्ग कधी बांधावर भरतो, कधी गोठ्यात, कधी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. आणि या शाळेची घंटा कोण वाजवतं? पाऊस!

आलं ना लक्षात? ही शेतकऱ्यांची शाळा. तिच्यात पीक कसं घ्यावं, जनावरं कशी सांभाळावीत हे शिकवतात. तुम्ही म्हणाल, "आमच्या आजोबांचा जन्म शेतात गेला. त्यांना काय शिकवणार?" प्रश्न बरोबर आहे. पण बियाणं बदलतं, रोग बदलतात, पाऊससुद्धा पूर्वीसारखा वेळेवर येत नाही. मग आजोबांनाही नवा धडा गिरवावा लागतो.

तुमच्या आणि त्यांच्या शाळेत एक मोठा फरक आहे, बरं का! तुमचा गणिताचा पेपर बिघडला, तर फेरपरीक्षा असते. शेतकऱ्याचं पेरलेलं बी उगवलंच नाही, तर त्याला दुबार पेरणी करावी लागते. म्हणजे बियाणं पुन्हा विकत, मजुरी पुन्हा, आणि हातची वेळ गेली ती गेलीच. म्हणून या शाळेत धडा कोणता यापेक्षा तो कधी शिकवला याला जास्त महत्त्व. जूनमध्ये उपयोगी पडणारी गोष्ट ऑगस्टमध्ये कळली, तर तिचं लोणचं घालायचं का?

चला, तर मग या शाळेचं वेळापत्रक पाहू.

पहिला तास : बियाण्याची परीक्षा

हा तास मे महिन्यात. बाहेर ऊन रणरणत असतं, पण खरिपाची तयारी सुरू झालेली असते. गेल्या वर्षीचं घरचं सोयाबीन यंदा पेरायचं असेल, तर ते जिवंत आहे का, हे आधी पाहायला हवं. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. मळणी जोरात झाली, पोती उंचावरून आपटली, तरी आतला अंकुर दुखावतो. वरून दाणा दिसतो गोल गरगरीत, पण आत जीव नसतो!

परीक्षा अगदी सोपी आहे. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा. त्यावर १०-१० दाण्यांच्या १० ओळी मांडायच्या. वर दुसरा ओला तुकडा ठेवून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज थोडं पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. १०० पैकी ७० उगवले, तर बियाणं पास!

आता तुमचं गणित. उगवण ७० टक्के असेल, तर एकरी ३० किलो सोयाबीन पेरतात. म्हणजे त्यात जिवंत बी किती? २१ किलो. समजा, १०० पैकी ६० च दाणे उगवले. तर तेवढंच जिवंत बी शेतात जायला एकरी किती पेरावं लागेल? वही काढा... उत्तर आलं? ३५ किलो. दहा एकर शेत असेल, तर ५० किलोंचा फरक! हा हिशेब मे महिन्यात कळला तर बियाण्याची जुळवाजुळव करता येते. पेरून झाल्यावर कळला, तर डोक्याला हात लावायचा.

ही काही पुस्तकातली भीती नाही. २०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भातल्या हजारो शेतकऱ्यांनी सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारी केल्या होत्या.

याच तासाला आणखी एक गोष्ट सांगतात. मृगाची पहिली सर आली की लगेच तिफण जुंपायची नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत दम धरायचा. १०० मिलिमीटर म्हणजे किती? पाणी मुरलं नाही, वाहून गेलं नाही, तर अंगणात १० सेंटिमीटर उभं राहील, तेवढं. एवढी ओल असली, तर मध्येच पावसाने दडी मारली तरी कोवळं रोप तग धरतं.

दुसरा तास : गोठ्यातला

पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांच्या डॉक्टरांची गावात फेरी असते. कशासाठी? घटसर्प आणि फऱ्या या दोन रोगांची लस टोचायला. पावसाळी दमट हवेत हे रोग उचल खातात. घटसर्प झाला की जनावराला सडकून ताप येतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि उपचाराला उशीर झाला, तर एक-दोन दिवसांत जनावर दगावतं.

"मग पाऊस सुरू झाल्यावर लस दिली तर?" असं कुणी विचारील. लस म्हणजे जादूची कांडी नव्हे. टोचल्यावर जनावराच्या अंगात रोगाशी लढायची ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून लस मे महिन्यात आणि रोग जूनमध्ये. उलटं झालं, की खेळ संपला.

शेळ्या-मेंढ्यांची तर वेगळीच गंमत. पहिल्या पावसानंतर कोवळं लुसलुशीत गवत उगवतं. उन्हाळाभर वाळकं खाल्लेल्या शेळ्या त्यावर तुटून पडतात. पोटात आधीपासून असलेले जंतू एकदम वाढतात आणि विष तयार करतात. या रोगाचं नावच आंत्रविषार. आंत्र म्हणजे आतडं. सकाळी उड्या मारणारं करडू संध्याकाळी नसतं. यावरही लस आहे, पण तीही गवत उगवायच्या आधी द्यायला हवी.

वेळेवर टोचलेली लस काय करू शकते, याचं एक उदाहरण लक्षात ठेवा. बुळकांडी नावाचा रोग एके काळी गावंच्या गावं गुरांविना ओस पाडत असे. देशोदेशींच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं चिकाटीने लसीकरण केलं. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली साऱ्या जगातून हा रोग संपल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग!

लाळ्या-खुरकूत या रोगाला असंच हटवण्यासाठी २०१९ पासून देशभर मोफत लसीकरणाची मोहीम सुरू आहे. गाईम्हशींच्या कानात पिवळा बिल्ला पाहिलाय ना? त्यावर बारा आकडी नंबर असतो. तो त्या जनावराचा हजेरी क्रमांकच म्हणा.

तिसरा तास : चित्रकलेचा!

हो, हो, चित्रकलेचाच. पिकात भरणाऱ्या वर्गाला शेतीशाळा म्हणतात. तिची जन्मकथा मोठी मजेशीर आहे आणि ती घडली दूर इंडोनेशियात.

तिथे भातावर तपकिरी तुडतुडे पडायचे. लोक औषध फवारत. पण जितकं जास्त फवारावं, तितके तुडतुडे वाढत! हे कसं? तुडतुड्यांची मादी भाताच्या पानाच्या आवरणात अंडी घालते, तिथे औषध पोचत नाही. तुडतुडे खाणारे कोळी मात्र औषधाने मरून जातात. मग अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात, तर त्यांना खाणारं कुणी उरलेलंच नसतं! १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीडनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने अर्धंच काम झालं. कोळी आपला मित्र आहे, हे शेतकऱ्याला पटायला नको का? म्हणून १९८९ साली तिथे शेतीशाळा सुरू झाल्या.

पंचवीस-एक शेतकऱ्यांचा गट. आठवड्यातून एकदा शेतात जमायचं. काही रोपं नीट न्याहाळायची, किडे मोजायचे. मग मोठ्या कागदावर रोपाचं चित्र काढायचं. एका बाजूला शत्रूकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकिडी, वर सूर्य किंवा ढग. आणि मग वाद घालायचा, "या आठवड्यात फवारायचं की नाही?" गुरुजी उत्तर सांगत नाहीत! ते उलट प्रश्न विचारतात. काही ठिकाणी तर रोपांची थोडी पानं मुद्दाम तोडून ठेवतात आणि पीक खरंच कमी येतं का, हे शेवटी मोजतात. आहे की नाही खरी प्रयोगशाळा?

ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. आपल्या महाराष्ट्रातही कृषी विभाग कपाशी, सोयाबीन, तूर, भात अशा पिकांच्या शेतीशाळा घेतो. कपाशीच्या शेतीशाळेत कामगंध सापळा दाखवतात. त्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी असते. त्या वासाने नर पतंग येतात आणि अडकतात. रोज सकाळी ते मोजायचे. सलग तीन रात्री आठ-आठ गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडले, की समजायचं, आता उपाय करायलाच हवा. त्याआधी उगाच फवारणी नको.

उगाच फवारणी का नको? पैसा जातो म्हणून आणि जीवही जाऊ शकतो म्हणून. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पोचले. त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारायचं नाही, हातमोजे आणि मास्क घालायचा, पंपाचं नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, हे धडे फवारणीच्या आधी शिकायला हवेत. आणि तुम्ही? तुम्ही औषधाच्या डब्याला आणि औषध चोळलेल्या बियाण्याला हातच लावायचा नाही. एकदम कट्टी!

या शाळेचे गुरुजी कोण?

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे. शिवाय कृषी विज्ञान केंद्रं आहेत. देशातलं पहिलं केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं. आज देशभरात ७०० हून जास्त आहेत. "हाताने करून शिका" हा त्यांचा बाणा. शेळीपालन, कुक्कुटपालन, मधमाश्या, मुरघास असे वर्ग तिथे होतात. मुरघास म्हणजे हिरव्या चाऱ्याचं जणू लोणचं! मक्यासारखा चारा कापून, हवा न लागता दाबून ठेवला, की तो उन्हाळ्यात गुरांना उपयोगी पडतो. हा धडाही चारा हिरवा असतानाच शिकायचा, वैशाखात नव्हे.

प्रत्यक्ष जाता आलं नाही, तर फोन आहे. किसान कॉल सेंटर २००४ साली सुरू झालं. १८००-१८०-१५५१ या नंबरवर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत आपल्या भाषेत सल्ला मिळतो, पैसे पडत नाहीत. जनावर आजारी पडलं, तर १९६२ हा नंबर आहे.

मग अडतं कुठे?

शाळा आहे, गुरुजी आहेत, लसही मोफत. तरी वेळ का चुकते? कारण सूचना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि बाबा पहाटेच शेतावर गेलेले असतात. पीक विम्याची शेवटची तारीख निघून जाते, मग कळतं. दुसरं कारण जरा नीट ऐका. प्रशिक्षणाचं बोलावणं बहुतेक वेळा सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला येतं. पण शेळ्यांना चारा कोण घालतं? धार कोण काढतं? बियाणं निवडून कोण ठेवतं? पुष्कळ घरांत आई आणि आजी! म्हणजे काम एकाचं आणि धडा दुसऱ्याला. काही गावांत महिलांच्या वेगळ्या शेतीशाळा घेतात, त्या याचसाठी. तेव्हा आईबाबांनो, हे पान तुम्हीही वाचत असाल, तर पुढच्या वर्गाला दोघांनी मिळून जा.

आणि मुलांनो, तुम्हाला वाचता येतं, तारखा कळतात. शाळेतून येताना रस्त्यातच तो फळा असतो. लसीकरण कधी, शेतीशाळा कुठे, अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे वहीत टिपा आणि संध्याकाळी भाकरी खाताना घरात मोठ्याने वाचा. दोन मिनिटांचं काम, पण एखादी गाय वाचू शकते.

शहरातल्या मुलांनी हिरमुसायचं कारण नाही. या आठवड्यात स्वयंपाकघरातले मटकीचे १०० दाणे मोजून घ्या. रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधा, दोन दिवसांनी कोंब मोजा. काही दाणे दगडासारखे तसेच राहतील. आजीला विचारा, ती त्यांना गणंग म्हणेल. मग असंच १०० दाणे गेल्या वर्षीच्या जुन्या मटकीचे घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

दोन आकड्यांत फरक का पडला, याचं कारण तुमच्या शब्दांत पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आणि हो, मोजून झालेल्या मटकीची उसळ करायला विसरू नका!