सूत्रे पाठ आहेत. पण वाचता येतात का?

साठ वॉटचा एक आणि शंभर वॉटचा एक, असे तारेचे दोन दिवे एकसर जोडणीने २३० व्होल्टच्या पुरवठ्याला जोडले, तर अधिक प्रखर कोणता पेटेल? भौतिकशास्त्राच्या परीक्षांतून हा प्रश्न इतक्या वेळा येऊन गेला आहे की त्याला प्रश्न म्हणण्यापेक्षा नेहमीचा पाहुणा म्हणणेच योग्य ठरेल. तरीही तो अजून फसवतो, आणि फसवतो तो नेमका ज्याला सूत्रे उत्तम पाठ आहेत त्याला. विद्यार्थ्याच्या हाती दोन सूत्रे असतात. एक सांगते, शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. दुसरे सांगते, शक्ती म्हणजे विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध. पहिल्याप्रमाणे रोध वाढला की शक्ती घटते. दुसऱ्याप्रमाणे रोध वाढला की शक्ती वाढते. दोन्ही सूत्रे बरोबर, दोन्ही एकाच मुळातून निघालेली, आणि निष्कर्ष मात्र परस्परांच्या विरुद्ध!

हा विरोध अर्थातच भासमान आहे. घरातील दिवे समांतर जोडलेले असतात, प्रत्येकाला २३० व्होल्टच मिळतात. तेथे स्थिर राहते ते विभवांतर, म्हणून तेथे पहिले सूत्र बोलते. एकसर जोडणीत दोन्ही दिव्यांतून एकच धारा वाहते. तेथे स्थिर आहे ती धारा, म्हणून तेथे दुसऱ्याचे ऐकले पाहिजे. दिव्यांवर छापलेल्या आकड्यांवरून हिशेब केला तर साठ वॉटच्या दिव्याचा रोध सुमारे ८८२ ओहम आणि शंभर वॉटच्या दिव्याचा ५२९ ओहम येतो. तेव्हा एकसर जोडणीत साठ वॉटचा दिवाच अधिक प्रखर पेटणार. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट तशी नवी नाही. मागणीच्या नियमामागे ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शेपूट त्याच्याकडून पहिल्याच वर्षी घोकून घेतलेले असते. विज्ञानाच्या सूत्राला असे शेपूट छापील स्वरूपात नसते. ते वाचणाऱ्याने स्वतः जोडायचे असते. आणि आपल्या शिक्षणातून नेमकी हीच जोडणी गळून पडली आहे.

वस्तुतः सूत्र हे एक वाक्य असते. त्यात कर्ता असतो, क्रिया असते आणि अटही असते. पण आपल्याकडे ते वाक्य म्हणून वाचले जात नाही, किल्ली म्हणून वापरले जाते. प्रश्नात तीन राशी दिल्या आहेत, चौथी विचारली आहे, या चार राशी ज्या सूत्रात एकत्र नांदतात ते सूत्र कोणते, एवढाच शोध विद्यार्थी घेतो. सापडले की किमती घालतो आणि मोकळा होतो. प्रश्नातील शब्द त्याच्या दृष्टीने केवळ अडगळ!

या सवयीचा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा अकरावीला विज्ञान शाखेत येतो आणि एका रात्रीत त्याचे पुस्तक इंग्रजी होते. परिच्छेद परका वाटतो. सूत्र मात्र दोन्ही भाषांत सारखेच दिसते. बुडत्याने काडीला धरावे तसा तो सूत्राला धरतो. परिच्छेद सोडून चौकटीतील सूत्र तेवढे वहीत उतरवून घेण्याची सवय येथे लागते, आणि ती आळसातून नव्हे, निरुपायातून लागते.

एककांची साक्ष

मग वाचायचे कसे? पहिली पायरी एककांची आहे. बंद भांड्यातील वायूचे तापमान २७ अंश सेल्सिअसवरून ५४ अंशांवर नेले, तर दाब किती पट होईल? तापमान दुप्पट, म्हणून दाबही दुप्पट, हे उत्तर पर्यायांत हमखास दिलेले असते आणि ते निवडणारेही हमखास असतात. सूत्रातील तापमान हे निरपेक्ष तापमान आहे हे ज्याने वाचले, त्याला २७ चे ३०० आणि ५४ चे ३२७ दिसतात. दाब वाढतो तो अवघा ९ टक्के. येथे सूत्र दोघांनाही पाठ होते. फरक पडला तो आकड्यामागचे शून्य कोठे आहे, या प्रश्नाचा. किंमत निर्देशांक वाचताना पायाभूत वर्ष कोणते, हे न विचारणारा नागरिक आणि हा विद्यार्थी एकाच वाटेने चुकतात.

दुसरी पायरी म्हणजे किमती घालण्याआधी उत्तराचा अदमास घेणे. दोलकाची लांबी चौपट केली की दोलनकाल दुप्पट होतो, कारण सूत्रात लांबी वर्गमुळाखाली बसली आहे. एवढे ज्याला दिसले त्याला चौथ्या दशांश स्थळापर्यंत भागाकार करण्याची गरजच उरत नाही. सामू ५ वरून ४ झाला म्हणजे आम्लता एकाने वाढली नाही, दसपट झाली. अशा ठिकाणी आकडा लहान दिसतो आणि बदल मोठा असतो.

आलेख काय सांगतो

आलेखाची गोष्ट मात्र जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण सूत्र जे लपवते ते आलेख उघड करतो. साध्या दोलकाचाच प्रयोग घ्या. लांबी आडव्या अक्षावर आणि दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर घेतला की सरळ रेषा मिळते. तिचा चढ दर मीटरला सुमारे ४ सेकंदवर्ग येतो आणि त्यावरून गुरुत्वत्वरण निघते. अक्षांची अदलाबदल केली तर चढ उलटा होतो. म्हणून चढ काढण्यापूर्वी कोणत्या अक्षावर काय आहे ते पाहणे आले. (अर्थशास्त्रात मार्शलच्या वेळेपासून किंमत उभ्या अक्षावर घेण्याचा प्रघात आहे, म्हणजे कारण उभे आणि परिणाम आडवा. विज्ञानाकडून अर्थशास्त्राकडे आलेला विद्यार्थी तेथे काही दिवस डोके खाजवत बसतो. अक्ष ही निसर्गाची आज्ञा नसून माणसाचा संकेत आहे, हे कळायला तेवढे दिवस सत्कारणी लागले म्हणायचे.)

आता समजा, ही रेषा आरंभबिंदूतून न जाता थोडी वरून गेली. सूत्रावर विसंबलेला विद्यार्थी घाबरतो आणि रेषा बळेच आरंभबिंदूतून ओढतो. वाचणारा विद्यार्थी विचारतो, लांबी शून्य असताना दोलनकाल उरलाच कसा? उत्तर असे की त्याने दोऱ्याची लांबी मोजली, पण गोळ्याची त्रिज्या त्यात मिळवायची विसरला. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती. गंमत अशी की प्रत्येक वाचनात ही चूक सारखीच असल्यामुळे रेषेचा चढ बदलत नाही आणि चढावरून काढलेले गुरुत्वत्वरण बरोबरच येते. एकेका वाचनात सूत्र घालून उत्तर काढणाऱ्याचे मात्र प्रत्येक उत्तर थोडे चुकते, आणि ते का चुकले हे त्याला कधीच कळत नाही.

आकडेवारी वाचणे म्हणजे काय, याचा आणखी एक नमुना ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या प्रसिद्ध झालेल्या प्रश्नांत सापडतो. आंद्रे नावाच्या मुलाला दोन आलेख मिळतात, एक कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचा आणि दुसरा पृथ्वीच्या वातावरणाच्या सरासरी तापमानाचा. उत्सर्जन वाढल्यामुळेच तापमान वाढले, असा निष्कर्ष तो काढतो. परीक्षार्थीला प्रथम विचारले जाते, आलेखातील कोणती गोष्ट या निष्कर्षाला आधार देते? नंतर विचारले जाते, आलेखाचा कोणता भाग त्याला आधार देत नाही? आणि शेवटी, निष्कर्ष मान्य करण्यापूर्वी दुसरा कोणता घटक स्थिर असायला हवा? या तिन्ही प्रश्नांना पाठ केलेल्या एकाही सूत्राचा उपयोग नाही. भारताने या चाचणीच्या २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरवली. ७४ सहभागींत ती तळाशी, ७२ व्या व ७३ व्या स्थानी राहिली. त्यानंतर २०२२ पर्यंतच्या एकाही फेरीत आपण उतरलो नाही. तापमापक फोडला म्हणजे ताप उतरतो, अशी आपली समजूत असावी.

चोपन्न सेकंदांचे अर्थशास्त्र

हे सारे शिक्षकांना ठाऊक नाही, असे मुळीच नाही. पण परीक्षा ज्या गोष्टीला भाव देते तीच गोष्ट वर्गात पिकते. राज्याच्या सीईटीत २०२५ साली भौतिक व रसायन या दोन विषयांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे होते, म्हणजे दर प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. ‘नीट’मध्ये त्याच वर्षी १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती. तेथे बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला वजा १. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरीने दर प्रश्नाला पाव गुण पदरात पडतो, हे साधे गणित आहे! ५४ सेकंदांत आलेखाशी संवाद होत नसतो. तेथे किल्ली फिरवणाराच जिंकतो, आणि किल्ल्यांचा जुडगा बनवून देणाऱ्या शिकवणी वर्गांचे शुल्क ज्यांना परवडते ते अधिक वेगाने जिंकतात. विद्यार्थी अविचाराने वागतो असे नाही. दिलेल्या नियमांत तो पुरेपूर हिशेबीपणाने वागतो.

पाठ्यपुस्तकातील वाक्याशी असलेली ही निष्ठा कोठवर जाते, याचे प्रत्यंतर २०२४ च्या ‘नीट’मध्ये आले. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असे एक विधान भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात होते. जुन्या पाठ्यपुस्तकात तसेच वाक्य होते, नव्यात ‘प्रत्येक’च्या जागी ‘बहुतेक’ असा बदल झाला होता. दोन्ही उत्तरांना गुण दिले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले, दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर ग्राह्य ठरवले आणि चार लाखांवर विद्यार्थ्यांचे गुण कमी झाले. पुस्तकावर भरवसा ठेवणाऱ्या मुलांना त्याबद्दल दोष देता येत नाही. पण युरेनियम आणि रेडियम यांच्या किरणोत्सर्गाचा धडा याच मुलांनी शिकलेला होता. ‘प्रत्येक’ या एका शब्दापाशी थांबून तो धडा आठवण्याची सवय कोणी लावलीच नव्हती.

सूत्रांचे पान

यावर एक उपाय अगदी साधा आहे. बारावीच्या भौतिक व रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेबरोबर सूत्रांचे एक पान छापून द्यावे. लॉगॅरिदमचे कोष्टक वापरण्यास राज्य मंडळ परवानगी देतेच. केंद्रीय मंडळाच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर भौतिक स्थिरांकांच्या किमती छापलेल्या असतात. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या परीक्षेत सूत्रांची पुस्तिका मिळते, आणि इंग्लंडमध्ये शालान्त भौतिकशास्त्राच्या परीक्षेत २०२२ पासून सूत्रांचे पान देतात. सूत्र फुकट मिळू लागले की ते केवळ आठवल्याबद्दल गुण देणे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाच अवघड जाईल, आणि नाइलाजाने का होईना, त्याला न पाहिलेले कोष्टक किंवा अनोळखी आलेख पुढे ठेवावा लागेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. पाठांतराचे प्रश्न हा सामान्य कुवतीच्या, खेड्यातील, गरीब घरच्या विद्यार्थ्याचा आधार आहे. तो काढून घेतला तर तो नापास होईल आणि वाचनाचे प्रश्न पुन्हा शहरी मुलांच्याच पथ्यावर पडतील. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. तथापि मध्य प्रदेशातील होशंगाबादचा अनुभव त्याच्या उलट साक्ष देतो. १९७२ साली तेथील १६ ग्रामीण शाळांत प्रयोगांवर आधारलेले विज्ञान शिकवण्यास आरंभ झाला. पुढे हा उपक्रम सुमारे हजार शाळांपर्यंत पसरला. त्याच्या परीक्षेत मुले पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसत, आणि प्रश्न असत ते निरीक्षणांवरचे. खेड्यातील मुलांना हे झेपत नाही, असे तेथे तीस वर्षांत दिसले नाही. २००२ साली तो राज्य शासनाच्या निर्णयाने बंद पडला, मुलांच्या असमर्थतेमुळे नव्हे. त्या उपक्रमात शिक्षकांच्या प्रशिक्षणावर केलेली मेहनत येथेही करावी लागेल, आणि पहिल्या वर्षी अशा प्रश्नांना दहा-पंधरा गुणांहून अधिक वाटा देऊ नये, हेही तितकेच खरे.

तोवर प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांपासून आरंभ करता येण्यासारखा आहे. दोलकाच्या प्रयोगात बहुतेक जर्नलांत गुरुत्वत्वरण ९.८ किंवा ९.८१ असेच येते, कारण उत्तर आधी ठरते आणि निरीक्षणे त्यावरून मागे मोजत नेली जातात. एक मीटर लांबीच्या दोलकाला वीस दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. घड्याळ सुरू व बंद करताना बोटाची ०.२ सेकंदाची चूक धरली, तर ती अर्धा टक्का होते, दोलनकालाच्या वर्गात एक टक्का, आणि उत्तर ९.७ ते ९.९ यांच्यामध्ये कोठेही येऊ शकते. लांबी मोजतानाची चूक धरली तर त्याच्या थोडे बाहेरही. एकच दोलन मोजले असते तर हीच चूक दहा टक्क्यांची झाली असती; वीस दोलने मोजायची ती यासाठीच. ज्या जर्नलात ९.६ आले आहे आणि ते का आले याचा चार ओळींचा हिशेब खाली लिहिला आहे, त्याला पूर्ण गुण द्यावेत, आणि खाडाखोड नसलेल्या ९.८१ वाल्याला त्याची मूळ निरीक्षणे कोठे आहेत एवढे विचारावे. एवढी सूचना परीक्षकांना द्यायला नवा अभ्यासक्रम लागत नाही, नवे पुस्तकही लागत नाही. मंडळाचे एक परिपत्रक पुरे.