बडबडगीतावरून कविता ही नक्कल नव्हे



बडबडगीतावरून मुलांना कविता करायला लावणे म्हणजे नक्कल आणि मूळ गीताची मोडतोड, हे आपल्या अंकातील लेखकाचे मत मान्य नाही. पावसाला पैशाचे आमिष दाखवणारे बडबडगीतच घ्या; ते तोंडी परंपरेतले. त्याचा कवीच ठाऊक नाही, मग मोडले कुणाचे? जात्यावरच्या ओव्या बायकांनी तयार चालीतच रचल्या. आमच्या जिल्ह्यातील नर्सीचे नामदेव आणि त्यांच्या घरची जनाबाई, दोघांनीही अभंगच रचले. म्हणून जनाबाईचे अभंग नक्कल ठरतात? तसेच साखऱ्याची मुले पावसाच्या गीताच्या ठेक्यात सुकणारे सोयाबीन आणि रुसलेला पाऊस आणतात. यमक चुकते, एवढे खरे. पण शिक्षकांनी आधी कविता पूर्ण ऐकावी. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी तिचे गुण कापणे तर ताबडतोब थांबवावे.

— एक पालक, साखरा (जि. हिंगोली)