व्हिसाची रांग आणि खोळंबलेले संसार

अमेरिकेतील नागरिकाने भारतातील भावंडासाठी केलेला अर्ज मंजूर झाला, की आता व्हिसा मिळालाच, अशी अनेक कुटुंबांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. या वर्गासाठी जगभरात वर्षाकाठी सुमारे ६५,००० व्हिसा असतात. शिवाय प्रत्येक देशाच्या वाट्यावर सात टक्क्यांची मर्यादा आहे. परिणामी २०२५ साली भारतातील २००६ सालच्या अर्जांची पाळी येत होती.

या विलंबाची सर्वाधिक झळ मुलांना बसते. आईवडिलांबरोबर जाण्यासाठी मूल अविवाहित व २१ वर्षांखालील असावे लागते. २००२ च्या कायद्यानुसार अर्जाच्या छाननीत गेलेला काळ वयातून वजा होतो. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत. अर्ज केला तेव्हा शाळेत जाणारे मूल पाळी येईपर्यंत अपात्र ठरते, आणि आईवडिलांना जावे की राहावे, असा पेच पडतो.

म्हणून आम्ही कळकळीने सुचवू इच्छितो : पत्ता बदलल्यास, घरात विवाह वा जन्म झाल्यास संबंधित कार्यालयास अवश्य कळवावे. व्हिसा हाती पडेपर्यंत नोकरी सोडू नये, घर वा जमीन विकू नये. आणि 'तिकडे गेल्यावर पाहू' म्हणून मुलांचे शिक्षण तर मुळीच लांबणीवर टाकू नये.